‘सराईत’ या शब्दावर शिक्षा वाढली असेल तर अपील कसं करायचं

निकालाला बारा दिवस झाले होते तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. हातात किराणा दुकानाची पिशवी, तिच्यात घड्या पडलेले कागद. मुलानं नदीकाठच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरली म्हणून त्याला तीन वर्षं लागली होती. “त्यानं कबूल केलंय बाई, आता अपील हुईत न्हाई म्हणत्यात,” एवढंच त्या म्हणाल्या. मी निकालपत्र उघडलं. शिक्षेच्या परिच्छेदात एक वाक्य होतं : आरोपी हा सराईत असून त्याच्यावर अकरा गुन्हे दाखल आहेत. चोरीला जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) कलम ३७९ खाली जास्तीत जास्त तीन वर्षं होती, ती पूर्ण तीन वर्षं त्या एका वाक्यावर लागली होती.

मी साताऱ्याला फौजदारी बाजूला २१ वर्षं वकिली करते. त्यातली निम्मी कामं विधी सेवा प्राधिकरणामार्फत आलेली, म्हणजे ज्यांच्याकडे फी द्यायला पैसे नाहीत त्यांची. पूर्वी शिक्षा झालेल्या माणसाच्या शिक्षेतली चूक शोधायला सहसा कुणी बसत नाही. ‘चोरच आहे, भोगू दे’ म्हणून घरचेसुद्धा गप्प राहतात. म्हणून ही माहिती घरच्या माणसांसाठी आणि या कामात नव्यानं पडलेल्या ज्युनियरसाठी लिहिते आहे.

आधी त्या मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. गुन्हा कबूल केला तरी अपील होतं. दोषी ठरवलं त्याविरुद्ध होत नाही, पण शिक्षा किती दिली आणि ती कायद्यात बसते का, यावर होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७५ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१६ आहे. पुढं कायद्याचं नाव न घेता जी कलमं दिली आहेत, त्यातली जुनी त्या संहितेतली आणि बाकीची या नव्या संहितेतली. ज्याच्यावर तीन-चार केसेस चालू आहेत असा माणूस तारखांना कंटाळून ‘सगळं एकदम मिटवून टाकू’ म्हणत कबुली देतो, तेव्हा हेच कलम त्याच्या कामी येतं.

मुदत मोजा. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर हायकोर्टात ६० दिवस. नक्कल मिळवायला गेलेले दिवस यातून वजा होतात. सही-शिक्क्याच्या नकलेच्या शेवटच्या पानावर मागं शिक्का असतो. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. तो शिक्का पुसट असेल तर तिथंच नक्कल विभागात नीट मारून घ्या, पुढं उशिराच्या वादात तोच कागद बोलतो. तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत लगेच आणि फुकट मिळायला हवी, कलम ४०४ तसं सांगतं. ती जेलमध्ये त्याच्या पिशवीत असते, घरी पोचलेली नसते. भेटीला जाल तेव्हा मागा.

मुदत उलटली असेल तरी सोडून देऊ नका. मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफीचा अर्ज करता येतो. त्यात ‘अडचणीमुळे उशीर झाला’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला कळलं, कधी भेट मिळाली, पैसे कधी जमले, वकील कधी नेमला, हे तारखेनिशी लिहा.

आता कागद. फक्त निकालपत्र आणून वकिलासमोर ठेवलं तर काम अर्धंच होतं. निकालपत्राबरोबर दोषारोपाची नक्कल, संपूर्ण रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, पूर्वीच्या शिक्षेचा म्हणून सरकार पक्षानं जो काही कागद दाखल केला असेल तो, आणि शिक्षेच्या वॉरंटची, म्हणजे कोर्टानं जेलला पाठवलेल्या आदेशाची प्रत, हे सगळं काढा. माझा अनुभव असा की चूक निकालपत्रात क्वचित दिसते. ती रोजनाम्यात दिसते.

केबलच्या त्या केसमध्ये मी काय केलं ते सविस्तर सांगते, कारण बहुतेक कामांत हेच करायचं असतं.

एका कोऱ्या कागदावर अकरा ओळी आखल्या. प्रत्येक ओळीत गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलम, कोर्टातला केस नंबर, निकाल, निकालाची तारीख. ई-कोर्ट्सच्या साइटवर केस नंबर टाकून आणि उरलेलं प्रत्यक्ष कोर्टात जाऊन भरलं. चार दिवस गेले. पाच केसेसमध्ये तो निर्दोष सुटला होता. चार अजून चालू होत्या. शिक्षा लागलेल्या फक्त दोन. म्हणजे ‘अकरा गुन्हे’ हा आकडा शिक्षेच्या हिशेबात दोनवर आला.

त्या दोनपैकी एक दारूबंदी कायद्याखालची होती. वाढीव शिक्षेचं कलम, म्हणजे भादंविचं ७५ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचं १३, प्रत्येक जुन्या शिक्षेला लागत नाही. आधीचा गुन्हा आणि आताचा गुन्हा, दोन्ही मालमत्तेविरुद्धचे किंवा नाणी, नोटा, सरकारी स्टॅम्प यांसंबंधीचे हवेत आणि दोन्हींना कायद्यात तीन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद सांगितलेली हवी. दारूची, जुगाराची, मारामारीची जुनी शिक्षा यात धरता येत नाही. ती ओळ मी खोडली.

उरली एक. घरफोडीची, दुसऱ्या तालुक्यातल्या कोर्टाची. सरकार पक्षानं त्या केसच्या रजिस्टरचा उतारा लावला होता. नाव तेच, आडनाव तेच. मधलं नाव तुकाराम होतं. माझ्या पक्षकाराच्या वडिलांचं नाव किसन. आपल्याकडे एका गावात जाधव, पवार, चव्हाण अशी नावं किती एकसारखी निघतात ते मतदार यादी पाहिली तरी कळतं. कायद्यानं नुसता उतारा पुरत नाही. पूर्वीची शिक्षा सिद्ध करायची असेल तर कोर्टाच्या रेकॉर्डचा प्रमाणित उतारा, किंवा जेलच्या अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला वा शिक्षेचं वॉरंट, आणि त्याच्या जोडीला ‘तो माणूस हाच’ याचा पुरावा द्यावा लागतो. जुनं कलम २९८, नवं ३३४. इथं ओळख पटवणारा एकही साक्षीदार नव्हता, बोटांचे ठसे नव्हते.

मग रोजनामा वाचला. दोषारोप ठेवल्याच्या तारखेला लिहिलं होतं : दोषारोप वाचून दाखवला, आरोपीस गुन्हा कबूल. बस. दोषारोपाच्या कागदात पूर्वीच्या शिक्षेचा उल्लेखच नव्हता. वाढीव शिक्षा मागायची असेल तर पूर्वीची शिक्षा, तिची तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहावं लागतं. राहिलं असेल तर शिक्षा सुनावण्याआधी केव्हाही घालता येतं. जुनं कलम २११(७), नवं २३४(७). आणि आधी चालू गुन्ह्यात दोषी ठरवल्यावरच ते त्याला वाचून दाखवायचं, तो नाकारत असेल तर पुरावा घ्यायचा आणि त्यावर वेगळा निष्कर्ष नोंदवायचा. मॅजिस्ट्रेटकडे हे नव्या कलम २७१(३) मध्ये आहे, सत्र न्यायालयात २५९ मध्ये. या क्रमाला फार अर्थ आहे. न्यायाधीशाच्या मनात आधीच ‘हा जुना चोर’ असं बसू नये म्हणून तो क्रम घातलेला आहे. माझ्या पक्षकारानं केबल चोरल्याचं कबूल केलं होतं, किसनऐवजी तुकारामचा मुलगा असल्याचं नव्हे.

हे सगळं अपिलात मांडलं. शिक्षा तीन वर्षांवरून दीड वर्षावर आली.

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर घरच्यांना खोटी आशा लागते. प्रत्येक चुकीनं शिक्षा कमी होत नाही. चुकीमुळं आरोपीचं खरोखर नुकसान झालं, न्याय बिघडला, हे दाखवावं लागतं. कलम ५११ त्यासाठीच आहे. पूर्वीची शिक्षा खरी असेल, आरोपीनं ती कोर्टात मान्य केली असेल आणि फक्त दोषारोपाच्या कागदात तारीख चुकली असेल, तर त्या चुकीवर अपील उभं राहणं कठीण. अपील लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, ही शिक्षा कायद्यात बसतच नाही. दोन, कायद्यात बसते पण जास्त आहे. पहिल्यात कलमं आणि कागद बोलतात. दुसऱ्यात वय, घरची परिस्थिती, मधली किती वर्षं तो सरळ वागला, चोरलेला माल परत मिळाला का, हे मांडायचं. दोन्ही एकाच परिच्छेदात कालवलं की पहिला मुद्दा दुबळा दिसायला लागतो.

दुसऱ्या मुद्द्यासाठी शिक्षेवरची सुनावणी पाहा. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं, सुप्रीम कोर्टानं १९७६ च्या संतासिंग प्रकरणात हे ठणकावून सांगितलं आहे. रोजनाम्यात त्याचं म्हणणं एका ओळीत ‘दया करावी’ एवढंच असेल आणि त्याच दिवशी जास्तीत जास्त शिक्षा लागली असेल, तर तो अपिलाचा मुद्दा आहे.

नवा कायदा आल्यापासून एक वेगळीच चूक होऊ शकते, तिकडे लक्ष ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीसाठी दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड आहे. जुन्या ३७९ मध्ये असं काही नव्हतं. चोरी १ जुलै २०२४ च्या आधीची असेल, तर निकाल आज लागला तरी ही वाढीव शिक्षा लावता येत नाही. गुन्हा घडला तेव्हा कायद्यात जेवढी शिक्षा होती तिच्याहून जास्त देता येत नाही, ही राज्यघटनेच्या कलम २०(१) ची हमी आहे. आणि चोरी नंतरची असली तरी ३०३(२) मध्ये शब्द ‘या कलमाखाली’ दुसऱ्यांदा दोषी, असे आहेत. पहिली शिक्षा जुन्या ३७९ खालची असेल तर हा मुद्दा अपिलात जरूर घ्या. फिर्यादीतली घटनेची तारीख पहिल्यांदा बघा, मग कलम.

प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटला एका गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही, हेही तपासून घ्या. जास्त द्यावी असं त्यांना वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. त्यांची मर्यादा सात वर्षं.

आता हिशेबाच्या चुका. या सगळ्यात जास्त असतात आणि यांत माणसाचे महिनेच्या महिने जातात.

पहिली, कच्च्या कैदेची वजावट. निकालाआधी जितके दिवस तो त्या केसमध्ये आत होता तितके दिवस शिक्षेतून वजा होतात. जुनं कलम ४२८, नवं ४६८. शिक्षेच्या वॉरंटवर यासाठी रकाना असतो. केबलच्या केसमध्ये तो रकाना कोरा होता. २१४ दिवस. सात महिने तो आत होता आणि त्या रकान्यात साधी रेघसुद्धा मारलेली नव्हती. अटकेची तारीख रिमांडच्या अर्जावरून, जामिनाची तारीख रोजनाम्यावरून घेऊन मी दिवस मोजले, दोनदा मोजले, आणि तक्ता अपिलाला जोडला.

ज्याच्यावर एकाच वेळी दोन-तीन केसेस आहेत त्याच्या बाबतीत पोलीस त्याला एका गुन्ह्यातून दुसऱ्या गुन्ह्यात वर्ग करून घेतात. ती वर्ग केल्याची तारीख शोधा. त्या तारखेपासून तो दुसऱ्या केसमध्येही कच्चा कैदी ठरतो, आणि ते दिवस दोन्ही केसेसमध्ये वजा होऊ शकतात. महाराष्ट्रातल्याच नजाकत अली प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये हे सांगितलं. मात्र दुसऱ्या गुन्ह्यात त्याला कागदोपत्री अटक दाखवलीच नसेल, तर ते दिवस तिथं मिळत नाहीत.

दुसरी चूक, शिक्षा एकत्र की एकापाठोपाठ. आधीची शिक्षा भोगत असलेल्याला नवी शिक्षा लागली आणि निकालात ‘एकत्र भोगावी’ असं लिहिलं नसेल, तर नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू होते. नवं कलम ४६७, जुनं ४२७. कबुली देऊन सगळ्या केसेस एकदम संपवणारे इथंच फसतात. उत्तर प्रदेशातल्या इक्राम नावाच्या माणसाला वीजचोरीच्या नऊ केसेसमध्ये दोन-दोन वर्षं लागली होती. एकत्र भोगायचा आदेश नव्हता म्हणून ती अठरा वर्षं झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या एकत्र भोगाव्यात असा आदेश दिला. तुमच्या माणसाच्या एकूण शिक्षेची बेरीज करून पाहा. अपिलाच्या शेवटी जी विनंती लिहायची त्यात हे स्पष्ट मागा आणि सगळे केस नंबर घाला. एक नंबर राहिला तर जेलमध्ये तेवढी शिक्षा वेगळी धरली जाईल.

तिसरी, दंड न भरल्यास लागणारी कैद. ती कधीच इतर शिक्षेबरोबर एकत्र चालत नाही, वरच लागते. आणि तिलाही मर्यादा आहे : त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेचा चौथा हिस्सा. तीन वर्षांच्या गुन्ह्याला नऊ महिने. दंड हजार-दोन हजारांचा असेल तर भावकीत पैसे जमवून तो भरून टाका. त्यासाठी अपिलाच्या निकालाची वाट बघू नका.

परिवीक्षेचा विचारही करा. पूर्वी शिक्षा झालेल्याला चांगल्या वर्तनाच्या बाँडवर सोडताच येत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातल्या कलम ३ ला ती अट आहे, कलम ४ मध्ये ती लिहिलेली नाही. मिळणं अवघड आहे, पण मागायला अडचण नाही.

इथं थोडं विषयांतर करते, कारण मला ते गिळून टाकता येत नाही. ‘सराईत’ हा शब्द पोलिसांच्या कागदात पारधी वस्तीवरच्या पोरांसाठी ज्या सहजतेनं येतो, तसा इतरांसाठी येत नाही. गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये आणला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. माणसाच्या जन्मावरून त्याला सवयीचा गुन्हेगार धरणं त्याच दिवशी संपायला हवं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तुरुंगातल्या जातिभेदावरच्या निकालात याच मानसिकतेवर बोट ठेवलं. असा पक्षकार असेल तर अकरा ओळींचा तो तक्ता आणखी काळजीनं भरा. निर्दोष सुटलेल्या केसेस मोजून ‘सराईत’ म्हटलेलं तुम्हाला हमखास सापडेल.

अपील दाखल करणं तुलनेनं सोपं. लेखी अपील, निकालाची नक्कल, वकीलपत्र. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात. आपल्या जिल्ह्यात साताऱ्याबरोबर कराडलाही अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, तुमच्या तालुक्याचं अपील कुठं जातं ते आधी विचारा. माणूस आत असेल तर तो जेल अधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवू शकतो, कलम ४२४. वकिलाचे पैसे नसतील तर कैदेत असलेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा लोक अभिरक्षक, म्हणजे आरोपींच्या मोफत वकिलांच्या कार्यालयात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

अपिलाबरोबर शिक्षा स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या, कलम ४३०. आधीच्या केसेस असलेल्याला स्थगिती सहज मिळत नाही, म्हणून नाकारली तर निदान अपील लवकर चालवण्याची लेखी विनंती करा. दीड-दोन वर्षांची शिक्षा अपील बोर्डावर येईपर्यंत भोगून संपते. संपली तरी अपील काढून घेऊ नका. आजची ही शिक्षा पुढच्या केसमध्ये ‘पूर्वीची शिक्षा’ म्हणून उभी राहते.

‘अपील केलं तर शिक्षा वाढेल’ ही भीती मला प्रत्येक घरात ऐकू येते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. वाढवायची तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं, आणि त्यात आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं.

सत्र न्यायालयानंही ऐकलं नाही तर हायकोर्टात रिव्हिजन, मुदत ९० दिवस. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे, सातारा-सांगलीची कामं तिथं जातात. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मावशींसारख्या बाईला स्वतःच्या मुलाचं काम कोर्टात उभं राहून ऐकता येतं, हे मला फार मोठं वाटतं.

निकाल बाजूनं लागला की काम संपलं असं समजू नका. केबलच्या केसमध्ये अपिलाचा निकाल आला तेव्हा वजावट धरून त्याची जेमतेम महिनाभराची शिक्षा उरली होती. अशा वेळी आदेश पोचायला लागलेला प्रत्येक दिवस तो फुकट आत काढतो. मी त्याच दिवशी नकलेचा तातडीचा अर्ज दिला, सुधारित वॉरंट निघाल्याची खालच्या कोर्टात खात्री केली आणि नक्कल घेऊन कोल्हापूरच्या कळंबा जेलला गेले. तिथल्या न्यायविभागातल्या कारकुनासमोर बसून २१४ हा आकडा त्यांच्या रजिस्टरमध्ये चढलेला पाहिला, सुटकेची तारीख लिहून घेतली आणि मावशींना फोनवर कळवली.